यंदाचा बडग्या डेंग्यूवर, पण फलकावर लिहायचं काय?

इतवारीचा पुठ्ठेवाला

मंडळी, पोळ्याला सहा आठवडे राहिले. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी यंदा बडग्या डेंग्यू-चिकनगुनियावर करायचं पक्कं केलं आहे. बांबू आला, रद्दी जमली, खळ शिजवायचं काम दरवर्षीसारखं माझ्याकडे. अडलं आहे ते फलकावर. पुतळा कुणाचा आणि त्याच्या गळ्यात लिहून काय टांगायचं, यावर तीन रात्री वाद झाला. शेवटी म्हटलं, इथे धागा काढतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी ही भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली त्याच्या रागातून आली असं जुनी माणसं सांगतात, आणि पिवळी रोगराईपासून राखणारी मानतात. दोघींची इतवारीत गाठ पडते, मग पुढे दहन. सोबत बडगे असतात. बडग्या म्हणजे गावाला ज्याचा राग आला त्याचा पुतळा: महागाई, लाचखोरी, खड्डे, पुढारी. आणि हजारो तोंडांतून एकच हाक, ईडा-पीडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! साथ आली की कारभाऱ्यांना भर रस्त्यात चार शब्द सुनवायची ही आपल्या गावाची एकशेचाळीस वर्षांची जागा आहे. म्हणून ती वाया घालवायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता माझ्या घरचं सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनिया गल्लोगल्ली होता ते तुम्हा सगळ्यांना आठवतं. आमच्याकडे आधी काकू पडली, मग आई. ताप चार दिवसांत गेला, सांधे नाही गेले. आई पुढचे सहा महिने जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरायची. सकाळी तिला चहाचा कप उचलता येत नव्हता, बशीला तोंड लावून प्यायची. धूर फवारणीची गाडी आमच्या गल्लीत आली ती काकूच्या तापानंतर अकराव्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता. भोंगा वाजला तशी सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, धूर रस्त्यावरून सरळ पुढे गेला. एका माणसाने वही पुढे केली, फवारणी झाल्याची बाबांनी सही दिली. ती सही मला अजून टोचते.

आमची पहिली कल्पना अशी आहे: पाठीवर फवारणीचं मशीन घेतलेला माणूस, तोंडावर कापड, नळीतून कापसाचा धूर. सांगा, बरोबर आहे का?

महालची सून

पुठ्ठेवाले भाऊ, विषय चांगला घेतला. आमच्या गावी, भिवापूरकडे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आजी आम्हाला उठवायची. घरातला केर, फुटका सूप, जुना झाडू घेऊन शिवेपर्यंत ओरडत जायचं, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत". शहरातले लोक त्याला अंधश्रद्धा म्हणतात. मला विचाराल तर भर पावसाळ्यात, रोगराईच्या ऐन तोंडावर, घराचा कोपरान्‌कोपरा झाडून अडगळ गावाबाहेर टाकणं यात चूक काय होतं? आताच्या सरकारी पत्रकात 'परिसर स्वच्छ ठेवा' लिहितात, आजी ते करून घ्यायची.

प्राणिशास्त्रवाला

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

फवारणीवरचा राग बरोबर आहे, कारण नीट कळायला हवं. डेंग्यू आणि चिकनगुनिया दोन्ही पसरवणारा मुख्य डास एकच, एडिस इजिप्ती. तो दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि दुपार उतरल्यावर जास्त. आणि तो राहतो घरात: पलंगाखाली, पडद्याच्या मागे, खुंटीवरच्या कपड्यांत. रस्त्यावरच्या धुरात डिझेलमध्ये मिसळलेलं कीटकनाशक असतं, ते त्या क्षणी हवेत उडणाऱ्या डासाला लागलं तर तो मरतो. बंद दारामागच्या पडद्याला बसलेल्याला काही होत नाही. पाण्यातल्या अळ्यांना तर काहीच होत नाही, आणि त्यातून आठ-दहा दिवसांत नवी फौज उडते. घरात रुग्ण निघाला की त्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आत जाऊन पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी करायची असते, एक भाग अर्क आणि एकोणीस भाग रॉकेल. तीही लगेच. अकराव्या दिवशी नव्हे.

आता नागपूरचं खास. आपला मे महिना कुलरशिवाय निघत नाही. जूनमध्ये पाऊस आला की कुलर बंद होतो आणि टाकीत तळाला चार बोटं पाणी राहतं. एकदा खाली बसून बघा. जाळी काढा, टॉर्च लावा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पत्र्यावर, काळे बारीक ठिपके दिसतील, शाईच्या पेनाने टोकावेत तसे. ती अंडी. पाणी ओतून टाकलं तरी ती पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात, पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते. मी दरवर्षी मुलांना ही टाकी वर्गात आणून दाखवतो. पाहिल्यावर प्रत्येक जण घरी जाऊन घासतो. भाषणाने कुणी घासलेली मी पाहिली नाही.

तेव्हा माझी सूचना: बडग्याच्या हातात मशीन द्या, पण बाजूला खरी कुलरची टाकी ठेवा.

आशाताई पूर्व नागपूर

मी आशा सेविका आहे. पहिल्यांदाच लिहून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या.

दादा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण त्या फवारणीवाल्याचा पुतळा करू नका. तो रोजंदारीवरचा पोरगा आहे. पाठीवर गरम मशीन, डिझेलचा वास, तोंडाला घरचा रुमाल. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी जायचं हे तो ठरवत नाही, त्याला यादी मिळते. तुमच्या गल्लीचं नाव यादीत अकराव्या दिवशी आलं, कारण रिपोर्ट तेव्हा आला. तुम्ही त्याला जाळाल तर पुढच्या आठवड्यात त्याला पाहून पोट्टे हसतील आणि ज्यानं यादी उशिरा केली त्याला कळणार पण नाही.

आमचंही तसंच होते. मी दारावर जाते, म्हणते कुलर दाखवा, तर म्हणतात आमच्याकडे काही नाही, पुढच्या घरी जा. छपरावरच्या टाकीवर चढू देत नाहीत. आत गेलीच तर कुंडीखालच्या ताटलीत अळ्या वळवळताना दिसतात. गप्पी मासे सोडा म्हटलं तर बाई म्हणते, पाण्याला वास येईल. हे सगळं लिहून दिलं तरी कागद वर जातो आणि पुढचं काही आम्हाला कळत नाही. कोरोनात आम्ही घरोघर ताप मोजत फिरलो तेव्हा लोकांनी दारातून हाकललंसुद्धा. पुतळा करायचाच तर वर करा. खालच्यावर नका.

इतवारीचा पुठ्ठेवाला

ताई, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री पोरांना मोठ्याने वाचून दाखवला. मशीनवाला माणूस रद्द. त्याचं डोकं तयार झालं होतं, ते मोडून पुन्हा लगद्यात टाकलं.

रिपोर्टवाला

एका तपासणी केंद्रात काम करतो, कुठल्या ते सांगत नाही. उशीर का होतो आणि आकडा छोटा का दिसतो, ते सांगतो, कारण यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

ताप आला की खासगी दवाखान्यात कार्डावरची झटपट तपासणी करतात. वीस मिनिटांत दोन रेषा दिसल्या, डेंग्यू. रुग्णाला वाटतं नोंद झाली. तसं नसतं. सरकारी हिशेबात ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत एलायझा या रक्ततपासणीने पक्का झालेला रुग्णच 'बाधित' धरतात. कार्डवाला राहतो 'संशयित'. यामागे शास्त्र आहे हे मी प्रामाणिकपणे सांगतो; कार्ड चुकतं, एलायझा जास्त भरवशाची. पण खासगीतल्या किती नमुन्यांचा दुसरा भाग तिथवर पोहोचतो? आणि एलायझा एकेक नमुन्याची लावत नाहीत, पुरेसे नमुने जमले की एकदम लावतात. त्यात दिवस जातात. मग एखाद्या वस्तीत दर दुसऱ्या घरात कुणीतरी कण्हत असतं आणि वर्तमानपत्रात त्या भागाचे पाच रुग्ण येतात. खोटं कुणीच बोललेलं नसतं. तरी त्या पाचावर बंदोबस्त ठरतो, आणि पाचाला एक गाडी पुरते.

मृत्यूचंही असंच. मृत्यू साथीचा की दुसऱ्या आजाराचा हे समिती कागद बघून ठरवते. बैठक होईपर्यंत तेरावं होऊन गेलेलं असतं.

माझ्या मते बडग्या या 'संशयित' शब्दाचा करा. तापात फणफणलेल्या माणसाला कागदावर संशयित म्हणतात, याहून जास्त बोचणारं तुम्हाला काही सापडणार नाही.

काटोल रोडचा डॉक्टर

रिपोर्टवाले बरोबर बोलले. मी एक भर घालतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस आला. उंदरांवर आणि झुडपांत राहणाऱ्या माइट या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो. चाव्याच्या जागी काळी खपली पडते, सिगारेटचा चटका लागल्यासारखी. ती काखेत, कमरेच्या नाड्याखाली, मांडीच्या सांध्यात असते, म्हणजे रुग्ण दाखवत नाही आणि घाईतला डॉक्टर बघत नाही. औषध आहे डॉक्सीसायक्लिन, अगदी स्वस्त, वेळेत दिलं तर माणूस उठून बसतो. तेव्हा माणसं गेली. गावोगावच्या डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात एवढंच सांगायला हवं होतं की तापाच्या रुग्णाचे कपडे बाजूला करून खपली शोधा. मला स्वतःला ते एका मित्राच्या फोनवरून कळलं. त्याआधी माझ्याकडे येऊन गेलेल्या दोन तापाच्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. त्या बऱ्या झाल्या, पण मी खपली पाहिली नव्हती.

मनीषनगरचा वाचक

मूळ पुण्याचा, पंधरा वर्षांपासून इथे. सरकार साथीत काय करतं याचा विषय निघाला की मला १८९७ आठवतं. मुंबईत १८९६ ला प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला, जेमतेम चार कलमांचा, आणि त्याच्या जोरावर पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. देवघरात, माजघरात बूट घेऊन. २२ जूनला चाफेकरांनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. आणि त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत हाफकिन नावाचा माणूस स्वतःच्या अंगावर प्लेगची लस टोचून घेत होता. साथ तीच, वर्ष तेच. एकीकडे बूट आणि एकीकडे सुई.

पुढचं जास्त कळीचं आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनवर आला, त्याला बाजूला केलं. नंतर निघालं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. नाव धुऊन निघायला १९०७ साल उजाडलं. आशाताई म्हणतात तेच हे: चूक कुठे झाली हे शोधण्याआधी माणूस शोधायचा.

आणि तो चार कलमांचा कायदा? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी तोच काढला. त्यात सरकारला काय करता येईल ते आहे. सरकारने लोकांसाठी काय करायलाच हवं, त्यावर त्यात शब्द नाही.

सतरंजीपुऱ्याचा

कोरोनाचा विषय निघाला म्हणून लिहितो. एप्रिल २०२० मध्ये आमच्या वस्तीतून शेकडो लोकांना विलगीकरणात नेलं. रोगाची साखळी तोडायला ते गरजेचं होतं की नव्हतं, मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर कित्येक महिने वस्तीचं नाव सांगितलं की भाजीवाला दोन पावलं मागे सरायचा. माझ्या बहिणीला कामावरून 'सध्या येऊ नको' सांगितलं. त्या वेळी मोबाइलवर जे विनोद फिरले त्यात सरकारच्या ढिसाळपणावर थोडे आणि आमच्यावर बाकी सगळे. थट्टा करणं सोपं असतं जेव्हा समोरचा घरात कोंडलेला असतो. तुमचा बडग्या आमच्या गल्लीवरून जाणार आहे. आजारी माणसाला हसणारं त्यावर काही नको, एवढी हात जोडून विनंती.

स्पष्ट बोलतो

सगळ्यांचं वाचलं. मला पटलं नाही. दोष सरकारला देता, पण कुलर कुणाचा? टाकी कुणाची? छपरावरचं टायर कुणाचं? आशाताईंना दार कोण उघडत नाही? मिरवणुकीत नाचायचं आणि घरी येऊन अळ्या पाळायच्या. मला वाटतं बडग्या नागपूरच्या घरमालकाचाच करावा.

महालची सून

स्पष्ट बोलतो यांना: खरं आहे, अर्धं. आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं आहेत आणि गच्चीला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक पुण्याला. टाकीवर झाकण नाही म्हणून मी स्वतः तीनदा तक्रार लिहून दिली. मी माझा कुलर घासला, गच्चीचं काय करू? आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर पाया खणून ठेवला आहे, त्यात गुडघाभर पाणी. तिथे कुणाच्या बायकोने काथ्या मारायचा? घरातलं घरच्यांनी करावं, पण कुलूप उघडायला लावणं आणि प्लॉटवाल्याला दंड करणं हे मी करू शकत नाही. त्यासाठीच तर कर भरतो. आणि मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हता. दार ठोठवायचं कुणाचं?

मनीषनगरचा वाचक

आणि होतं, सरकारने मनावर घेतलं तर होतं. सुरतला सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग आला, लाखो लोक गाडीत बसून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी खुर्चीतून उठवून वस्त्यांत फिरायला लावलं, कचऱ्यावर दंड सुरू केला, मोठी अतिक्रमणं आधी पाडली. दोन वर्षांत गाव ओळखू येईना. लोक तेच होते. सुरतकराची सवय बदलली, कारण गाडी रोज ठरल्या वेळी यायला लागली.

आपल्या गावात तर १९५८ पासून नीरी आहे. तिचं मूळ नावच केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होतं. पाणी आणि सांडपाण्याचं ज्ञान देशाला इथून गेलं. कोरोनात मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना घ्यायची पद्धतही तिथलीच, २०२१ ची. डोकं या गावात कमी नाही हो.

प्राणिशास्त्रवाला

एक वेळेचा मुद्दा राहिला. डेंग्यूचा जोर आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात चढतो. पोळा ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येतो. म्हणजे मारबत बरोबर उंबरठ्यावर निघते. फलक वाचून त्या आठवड्यात लोकांनी टाकी घासली आणि कारभाऱ्यांनी यादी लवकर केली, तर अजून उशीर झालेला नसतो. हे लक्षात ठेवून मजकूर करा.

आशाताई पूर्व नागपूर

सर, फलकावर आठवड्याचा एक वार पण लिहा. 'कोरडा दिवस पाळा' म्हटलं तर कुणी पाळत नाही. 'दर शनिवारी कुलर कोरडा' म्हटलं की बाया लक्षात ठेवतात, उपासासारखं.

इतवारीचा पुठ्ठेवाला

मंडळी, तुमच्या प्रतिसादांची दोन पानं लिहून काढली आणि काल रात्री बैठक झाली. ठरलं ते सांगतो.

पुतळा एका मोठ्या रजिस्टरचा. बारा फूट उंच, लाल कापडी पुठ्ठ्याचा, वर सुतळी बांधलेली. माणूस नाही. रजिस्टरला पाय आहेत पण ते बेडीत, म्हणून ते अकराव्या दिवशी पोहोचतं. उघड्या पानावर दोन रकाने. 'संशयित' हा रकाना पानभर पसरलेला, त्यात आमच्या गल्लीतल्या घरांचे नंबर, नावं नाहीत. 'बाधित' रकाना बोटभर. शेवटी सहीची जागा कोरी. तिथे बाबांची सही मी मुद्दाम ठेवत नाही आहे, त्यांनी ती परत घेतली असं समजा. बाबा बैठकीला आले होते, कोरी जागा बघून बराच वेळ उभे राहिले.

गळ्यात फलक:

उशिराची यादी घेऊन जा गे मारबत
बंद दाराबाहेरचा धूर घेऊन जा गे मारबत
गच्चीचं कुलूप घेऊन जा गे मारबत

तिसरी ओळ महालच्या वहिनींची. स्पष्ट बोलतो, तुमचंही घेतलं आहे. रजिस्टरच्या पाठीला खरी कुलरची टाकी बांधणार, आत पाणी नाही, पण प्राणिशास्त्रवाले सर अंड्यांचे ठिपके रंगवून देणार आहेत आणि बाजूला काथ्या लटकवणार. त्याखाली 'दर शनिवारी घासा'. आशाताई सोबत चालणार आहेत, त्यांच्या तीन मैत्रिणी पण येतो म्हणाल्या. जिथे थांबू तिथे त्या ठिपके दाखवतील. सतरंजीपुऱ्याच्या भाऊंनी फलक आधी वाचून बघावा अशी विनंती आहे, रविवारी संध्याकाळी या.

आईला आता जिना उतरता येतो. सुतळी ती वळून देते आहे, बोटांना व्यायाम होतो म्हणते.

कुणाकडे पत्र्याची जुनी कुलरची टाकी पडून असेल तर सांगा, आम्ही हातगाडी घेऊन येतो. गळकी असली तरी चालेल.